नागीण गेली, वेदना राहिली

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेत मी यापूर्वी चार-पाच वेळा लिहिले आहे. मधुमेह, रक्तदाब, आहार असे विषय होते. म्हणजे डॉक्टरने सांगावे आणि इतरांनी ऐकावे, अशा थाटाचे ते लेख होते. या वेळचा लेख थोडा निराळा आहे. यात डॉक्टरही मीच आहे आणि रुग्णही मीच. डॉक्टर म्हणून हातून झालेली एक चूक रुग्ण झाल्यावर मला कशी उमगली, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

गोष्ट १९९६ सालची. इंदूरच्या रामबागेजवळ माझा दवाखाना होता. सत्तरी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई माझ्याकडे आल्या. उजव्या बाजूला पाठीच्या कण्यापासून छातीखालपर्यंत पाण्याने भरलेल्या पुळ्यांचा पट्टा उमटला होता. नागीण! दहा दिवस घरगुती उपायांत गेले होते. गेरूचा लेप झाला होता, शेजारणीच्या आग्रहाने नागीण उतरवणाऱ्या माणसाकडेही त्या जाऊन आल्या होत्या. मी थोडे रागावलो, मलम दिले, वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या. तीन आठवड्यांत खपल्या पडल्या आणि माझ्या दृष्टीने प्रकरण संपले.

बाईंच्या दृष्टीने मात्र ते संपले नव्हते. त्या दर पंधरा दिवसांनी येत राहिल्या. समोरच्या खुर्चीवर बसल्या की दोन बोटांनी पोलके कातडीपासून दूर धरून बसत. पंख्याचा वारा सोसवत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, आत कोणी निखारा ठेवला आहे आणि मधूनच विजेचा झटका बसतो, असे सांगत. मी पुन्हा पुन्हा कातडी पाहिली. पुसट व्रणांखेरीज तेथे काहीही नव्हते. क्ष-किरण तपासणी झाली, रक्त तपासले, सर्व ठीक. शेवटी एके दिवशी मी म्हणालो, "बाई, जखम भरली आहे, रिपोर्ट चांगले आहेत. आता मन जरा दुसरीकडे वळवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, मुलांचे खोटे बहाणे ओळखण्यात माझा जन्म गेला. या वयात मी स्वतः बहाणा करीन का?"

त्यानंतर त्या आल्या नाहीत. काही महिन्यांनी त्यांचा मुलगा भेटला. माझ्या जुन्याच चिठ्ठीवर बाई औषधाच्या दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणत होत्या आणि दिवसातून तीन-तीन वेळा घेत होत्या. अखेर रक्ताची उलटी झाली, रुग्णालयात ठेवावे लागले. त्यातून त्या वाचल्या. दोन वर्षांनी हृदयविकाराने गेल्या. ती जागा शेवटपर्यंत जळत होती, असे त्यांच्या सुनेने मला सांगितले.

नागिणीचे शास्त्र

आपल्याकडे अशी समजूत आहे की नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो. ही समजूत खोटी आहे. पण ती ज्या निरीक्षणातून निघाली ते निरीक्षण खरे आहे. नागीण कंबरेला किंवा छातीला वेढा घालू पाहते आणि मध्यरेषेपाशी येऊन थांबते. असे का होते?

लहानपणी आपल्याला कांजिण्या येतात. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना संवेदना वाहून नेणाऱ्या मज्जातंतूंच्या गाठी असतात, त्यांत तो निद्रिस्त होऊन राहतो. वय वाढल्याने, आजाराने किंवा एखाद्या औषधाने प्रतिकारशक्ती उणावली की कधीतरी, पन्नास-साठ वर्षांनीदेखील, तो जागा होतो आणि त्याच मज्जातंतूच्या वाटेने कातडीकडे निघतो. एका मज्जातंतूच्या वाट्याला शरीराच्या एकाच बाजूचा पट्टा येतो. म्हणून पुळ्याही एकाच बाजूला आणि पट्ट्यातच उठतात. प्रतिकारशक्ती फारच खालावली असेल तर त्या अंगभर पसरू शकतात आणि ती स्थिती गंभीर असते. पण त्याचा तोंड-शेपटीशी संबंध नाही.

कोणत्या मज्जातंतूकडे कातडीचा कोणता पट्टा आहे, याचा नकाशा हेन्री हेड या इंग्रज वैद्याने १९०० साली कॅम्पबेल या सहकाऱ्यासह नागिणीच्याच रुग्णांच्या अभ्यासातून मांडला. याच हेड यांनी संवेदना कशी परत येते हे समजून घेण्यासाठी १९०३ साली स्वतःच्या हातातील एक मज्जातंतू कापवून घेतला होता. निद्रिस्त विषाणू पुन्हा जागा होतो, हा विचार सविस्तर मांडणारे एडगर होप-सिम्प्सन हे तर आपल्यासारखेच सर्वसाधारण व्यवसाय करणारे डॉक्टर. स्वतःच्या दवाखान्यातील १६ वर्षांच्या नोंदी तपासून त्यांनी १९६५ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. दवाखान्यातील नोंदवहीला कमी लेखणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

माझी पाळी

२०१२ सालच्या हिवाळ्यात, वयाच्या ६३ व्या वर्षी, एका पहाटे माझ्या छातीत डाव्या बाजूला कळ आली. डॉक्टरला स्वतःच्या छातीत कळ आली की तो किती घाबरतो, हे माझ्या व्यवसायबंधूंना सांगायला नको. हृदयाचा आलेख काढला, रक्ताच्या तपासण्या झाल्या. हृदय ठणठणीत होते. स्नायू आखडला असेल असे म्हणून मी शेक घेतला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाठीला तेल लावताना आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, हे काय उठलं आहे?"

नागिणीत पुळ्या उठण्याच्या दोन-तीन दिवस आधीच वेदना सुरू होऊ शकते, हे मी पुस्तकात वाचले होते आणि विद्यार्थ्यांना शिकवलेही होते. स्वतःच्या बाबतीत ते आठवले नाही.

विषाणूविरोधी गोळ्या मी त्याच दिवशी सुरू केल्या. पुळ्या उठल्यापासून ७२ तासांच्या आत हे औषध सुरू झाले तर पुरळ लवकर ओसरते आणि सुरुवातीची वेदना कमी होते. पण औषध वेळेवर घेतले म्हणजे मागाहूनची वेदना टळेलच, अशी हमी मात्र कोणी देऊ शकत नाही. माझी टळली नाही. महिनाभरात कातडी स्वच्छ झाली आणि वेदना राहिली. पुरळ उठल्यापासून तीन महिन्यांनंतरही वेदना राहिली, तर तिला नागिणीनंतरचा मज्जातंतुशूल म्हणतात. वय जितके अधिक आणि सुरुवातीची वेदना जितकी तीव्र, तितकी त्याची शक्यता अधिक.

ती वेदना कशी होती? सदरा घालणे ही शिक्षा झाली. मऊ मलमलसुद्धा किसणीसारखी वाटे. गंमत म्हणजे त्याच जागी बोटाने घट्ट दाबले तर बरे वाटे, आणि नुसते पीस फिरल्यासारखा स्पर्श झाला की जीव कळवळे. त्याच पट्ट्यातील काही भाग बधिर होता. बधिरही आहे आणि जळतेही आहे, हे कोणाला सांगावे तर खरे वाटू नये. समाचाराला येणारे म्हणत, "आता तर काहीच दिसत नाही, छान झालं!" मी हसून मान डोलवी. एका रात्री दोन वाजता उघड्या अंगाने, पंखा बंद करून, अंधारात बसलो होतो. तेव्हा माझ्या लक्षात आले की मी दोन बोटांनी पांघरूण छातीपासून दूर धरले आहे. बाई माझ्यासमोर अगदी तशाच बसत असत.

घंटा वाजते, पण दारात कोणी नाही

सर्वसाधारण वेदना आणि मज्जातंतूची वेदना यांत मूलभूत फरक आहे. समजा आपल्या दाराची घंटा वाजली. दारात कोणीतरी आले आहे, म्हणून ती वाजली. बोट कापले, पाय मुरगळला, गळू झाले की होणारी वेदना अशी असते: तिथे इजा आहे, सूज आहे, आणि मज्जातंतू त्याची वर्दी मेंदूला देतो. आपल्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या ही सूज आणि तिच्यातील रसायने कमी करतात.

आता समजा घंटेची तारच बिघडली. दारात कोणी नाही, पण घंटा वाजतच आहे. कितीही वेळा दार उघडून पाहिले तरी उपयोग नाही. मज्जातंतूच्या वेदनेत हेच होते. विषाणूने जखमी केलेले तंतू कोणी न छेडताही आपोआप संदेश सोडू लागतात. सतत येणाऱ्या या संदेशांनी मज्जारज्जूतील पेशी अतिसंवेदनशील होतात आणि वरून येणारे, वेदना आवरणारे संदेश दुबळे पडतात. मग साध्या स्पर्शाची वर्दीसुद्धा वेदना म्हणून पोचते. रोग तारेत असतो. कातडीचे छायाचित्र काढा, छातीचे काढा, ते निर्दोषच येणार. बाईंना मी ज्या गोळ्या देत होतो, त्या दार उघडून पाहण्यासारख्या होत्या. तारेपर्यंत त्या पोचणार नव्हत्या, पण जठराला मात्र पोचल्या.

हे ज्ञान नवे होते असेही नाही. अमेरिकन यादवी युद्धात वीअर मिचेल या वैद्याने असे सैनिक पाहिले होते की ज्यांच्या जखमा भरल्या होत्या, पण हात-पाय जळत होते. ते दिवसभर हाताला ओली फडकी गुंडाळून बसत. मज्जातंतूंच्या अशा जखमांवरील त्याचे पुस्तक १८६४ साली सहकाऱ्यांसह प्रसिद्ध झाले. आणि ॲमिट्रिप्टिलीन हे नैराश्यावरचे जुने, स्वस्त औषध नागिणीनंतरच्या वेदनेवर गुणकारी ठरते, हे कॅनडातील डॉक्टरांनी १९८२ सालीच दाखवून दिले होते. १९९६ साली ते औषध माझ्या दवाखान्याच्या कपाटात होते. बाई समोर बसल्या होत्या. मी कपाट उघडले नाही.

एक प्रश्न

शेवटी मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो भूलतज्ज्ञ असून वेदना-उपचाराचे काम करतो. त्याने रिपोर्टांना हात लावला नाही. पहिलाच प्रश्न विचारला, "सर, सदरा अंगावर कसा वाटतो?"

तीन महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. मीही आयुष्यात कोणाला विचारला नव्हता. मग त्याने कापसाचा बोळा घेतला, आधी उजव्या बाजूला फिरवला, नंतर डाव्या. टाचणीने तसेच केले. पाच मिनिटांत त्याने कागदावर माझ्या वेदनेचा नकाशा काढला. ज्या दुखण्याचा एकही पुरावा माझ्यापाशी नव्हता, त्याला सीमा मिळाल्या. मला त्याच क्षणी अर्धे बरे वाटले, असे म्हणणे डॉक्टरला शोभणार नाही, पण ते खरे आहे.

त्याने मला तीन गोष्टी स्पष्ट सांगितल्या. पहिली, वेदना शून्यावर आणणे हे ध्येय नाही. ती निम्मी झाली, झोप लागू लागली आणि सदरा घालता आला, तर तो उपचार यशस्वी समजायचा. दुसरी, ही औषधे डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात काम करीत नाहीत; लहान मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवायची आणि काही आठवडे धीर धरायचा. तिसरी, एका औषधाने नाही जमले तर दुसरे असते. निराश होऊन सोडून द्यायचे नाही.

सुरुवात रात्री १० मिलिग्रॅम ॲमिट्रिप्टिलीनने झाली. उतारवयात हे औषध जपून वापरावे लागते. काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ, हृदयाच्या गतीतील दोष यांची चौकशी आधी केलीच पाहिजे. माझ्या तोंडाला कोरड पडली, पोट साफ होईना, पण झोप लागू लागली. पुढे गॅबापेन्टीन जोडले, रात्री ३०० मिलिग्रॅमपासून. त्याने पहिला आठवडा भोवळ आल्यासारखे वाटे. मूत्रपिंड अधू असेल तर याची मात्रा कमी करावी लागते, आणि वृद्धांनी रात्री उठताना भिंतीचा आधार घ्यावा, नाहीतर वेदनेचे औषध खुब्याचे हाड मोडून जाईल. प्रेगाबालिन, ड्युलोक्सेटीन, लिडोकेनची चिकटपट्टी, मिरचीतील दाहक द्रव्यापासून केलेली कॅप्सेसिनची पट्टी असे आणखीही मार्ग आहेत. अफूवर्गीय औषधांचा विचार शेवटी आणि तज्ज्ञाच्याच देखरेखीखाली करावा. यांपैकी कोणतेही औषध शेजाऱ्याला लागू पडले म्हणून आपण घेऊ नये आणि बरे वाटले म्हणून एकाएकी बंदही करू नये.

दुखणे हत्तीच्या पावलांनी येते आणि मुंगीच्या पावलांनी जाते, असे आपल्याकडे म्हणतात. माझे तसेच झाले. दहापैकी आठ असलेली वेदना चार महिन्यांत तीनवर आली. वर्षभराने औषधे हळूहळू कमी केली. आजही थंडीत त्या पट्ट्यात चुरचुरते. पण मी सदरा घालून हिंडतो-फिरतो.

व्यवसायबंधूंना आणि वाचकांना

नागीण हे एक उदाहरण झाले. मधुमेहाने रात्री तळपाय जळणे, मनगटात मज्जातंतू दाबला गेल्याने बोटांना मुंग्या येणे, मणक्यातून पायात उतरणारी कळ, दात घासताना गालावर बसणारा विजेसारखा झटका, ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावाने येणारा बधिरपणा, ही सारी एकाच कुळातील दुखणी आहेत. मूळ कारणे मात्र वेगवेगळी आहेत आणि ती शोधलीच पाहिजेत. शाकाहारी आणि वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेहींमध्ये ब-१२ तपासणे विसरू नये. गालातील झटक्यांवर कार्बामाझेपीन हे औषध प्रभावी ठरते, आणि ते न ओळखल्यामुळे चांगले दात काढून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत.

माझ्या तरुण व्यवसायबंधूंना एवढेच सांगेन की डीएन-४ नावाची एक छोटी प्रश्नावली आहे. सात प्रश्न आणि तीन साध्या तपासण्या: जळते का, थंडगार वेदना होते का, झटके बसतात का, मुंग्या, टोचणी, बधिरपणा, खाज आहे का, आणि त्या जागी स्पर्श व टाचणी कमी कळते का, हलक्या घर्षणाने वेदना वाढते का. दहापैकी चार उत्तरे होकारार्थी आली तर मज्जातंतूच्या वेदनेचा विचार करावा. याला कापूस, टाचणी आणि पाच मिनिटे एवढेच लागते. आपल्याकडील रुग्ण 'जलन', 'झुनझुनी', 'करंट', 'सुन्न' असे शब्द हिंदी-मराठी मिसळून सांगतात. ते शब्द जसेच्या तसे नोंदवावेत. निदान बहुतेक वेळा त्या शब्दांतच असते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत माणूस आपल्या वेदनेविषयी जे सांगतो त्याचा आदर राखावा, हेही नमूद केले. बाईंनी मला तेच सांगितले होते, फक्त चोवीस वर्षे आधी.

वाचकांसाठी चार गोष्टी. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात वेदना होऊन पुळ्या उठल्या तर लेप लावीत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पुळ्या कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर असतील तर नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यास एक दिवसही लावू नका, कारण दृष्टीला धोका असतो. पुळ्या ओल्या असताना गरोदर स्त्रिया, तान्ही बाळे आणि कांजिण्या न आलेली माणसे यांच्यापासून दूर राहा. त्यांना नागीण नव्हे, पण कांजिण्या होऊ शकतात. आणि पुळ्या गेल्यावरही जळत राहिले तर गोळ्यांच्या दुकानात न जाता पुन्हा डॉक्टरकडे जा. कपड्याचा स्पर्श कसा वाटतो ते आपणहून सांगा. डॉक्टरने विचारले नाही, तरी सांगा.

आणखी एक आनंदाची गोष्ट. नागिणीवरची नवी लस २०२३ पासून भारतात उपलब्ध झाली आहे. ती ५० वर्षांवरील व्यक्तींना दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेळा दंडात टोचतात. तिच्यात जिवंत विषाणू नसतो. चाचण्यांत तिने नागिणीपासून ९० टक्क्यांहून अधिक संरक्षण दिले. ती महाग आहे, टोचल्यावर एक-दोन दिवस दंड दुखतो, ताप येऊ शकतो. आणि आधीच जडलेल्या वेदनेवर ती उपचार नाही. तरीही ज्यांना परवडेल त्यांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून तिचा विचार अवश्य करावा. मुलांनी आईवडिलांना वाढदिवसाला शालीऐवजी ही लस द्यावी, असे मी हल्ली सुचवतो.

आता मी सकाळी दोन तासच दवाखान्यात बसतो. टेबलावर रक्तदाबमापकाशेजारी एका डबीत कापूस आणि टाचण्या असतात. आतल्या कप्प्यात बाईंचा जुना कागद आहे. त्यावर माझ्याच अक्षरात लिहिले आहे: 'तपासणीत काही आढळले नाही.' नवे डॉक्टर माझ्याकडे बसायला येतात तेव्हा मी त्यांना तो कागद दाखवतो. ते वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. 'मी तपासले, त्यात मला काही आढळले नाही,' असे त्या दिवशी लिहिले असते, तर कदाचित मी आणखी एकदा तपासले असते.